निघाले मी

३ फेब्रुवारी, सोमवार. पेण

ठरलं. एक मार्चला संस्था फरझानाच्या हाती. मीटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या — स्वतःच्याच निरोपाला! काही वाटलं नाही. दाढ काढून आल्यावर गालाला हात लावला की तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो, तसं. इंजेक्शन उतरेल, मग दुखेल, असं धरून चालले आहे.

मुंबईहून सल्लागार आली होती, इशिता. गोड मुलगी. पडद्यावर एका चौकटीत मी, दुसरीत फरझाना, मध्ये बाण. "मॅडम, तुमच्याकडे नेमकं काय काय आहे, ते लिहून काढू या."

मी म्हटलं, एक फोन आहे.

हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार. रोहा

गंमत नव्हती. संस्था म्हणजे तो नंबर. डोंगरातल्या वाड्यांमधून कुडाच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेला, खाडीकडच्या गावांत दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं. कळा सुरू झाल्या, पोर फणफणलं, की तो लावतात. मी उचलते, डॉक्टरकीची पेटी घेते. पोपट जीप काढतो. बाकी सगळे अहवाल.

विष्णू म्हणाला, "मग देऊन टाक की सिमकार्ड. आपल्या दोघांतला तिसरा जाईल एकदाचा." हा शाळेतून निवृत्त झाला त्या दिवशी घरी आला, घावन मागितले, आणि खाऊन दुपारभर झोपला. एकेकाला जमतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार. पेण

इशिताची नवी कल्पना. नंबरावर रेकॉर्ड केलेला आवाज. बाळंतपणासाठी एक दाबा, तापासाठी दोन दाबा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे किती! वाडीतल्या सासूला सांगू का, सुनेच्या कळा उद्या दहापर्यंत थोपव म्हणून?

विश्वस्तांना आवडली. खजिनदार म्हणाले, "एकट्या बाईवर कशाला टाकायचं? त्यात पुढच्या महिन्यात रमजान. दिवसभर उपाशी, ती काय फोन घेणार?"

फरझाना समोरच बसली होती, चहाच्या कपाकडे बघत. मी बोलायला हवं होतं. तोंडच उघडलं नाही. हल्ली उघडत नाही.

जिन्यात तिनं मला गाठलं. "बाई, तुमाला पन तसंच वाटतं काय?"

"नाही गं."

"मग बोललात का नाय?"

परत वर गेले आणि सांगितलं — नंबर जसा आहे तसा फरझानाकडे जाईल. मार्चअखेरपर्यंत बघा. एक जरी फोन चुकला, तर बसवा तुमचं यंत्र. खजिनदार म्हणाले, "बघा हं, शब्द दिलात." दिला खरा. कशाच्या जोरावर, कोण जाणे.

१९ फेब्रुवारी, बुधवार. रोहा

आज सुट्टी, म्हणून फरझानाला घरीच बोलावलं. पुलापलीकडे अष्टमीतच राहते. नवरा इकबाल आखातात, दोह्याला. माझ्याबरोबर नर्स म्हणून आली तेव्हा वेणीला रिबिन होती, आता चष्मा आहे. टाके घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पण फोन ही वेगळी गोष्ट.

मी फोन करणारी, कळा सुरू झालेली बाई झाले. "पोटात दुखतंय," म्हटलं.

"नाव काय? गाव कोणतं?"

बँकेसारखी! ओरडलेच तिच्यावर. अगं, ती बाई कुठंतरी रेंज शोधत उभी असते. जीव मुठीत. तिला पहिल्यांदा काय ऐकू यायला हवं? "घाबरू नको गो, निघाले मी." नाव, गाव मागाहून. चप्पल पायात नसली तरी आधी हे म्हणायचं.

"आणि नाय निघता आलं तर?"

"एकदा म्हटलं की निघता येतं."

तिनं म्हणून दाखवलं. वर्गात उभं राहून कविता म्हणावी तसं, हात पाठीमागे. मी मान डोलावली. विष्णूनं आतून "शाबास!" म्हणून ओरडून घेतलं.

२० फेब्रुवारी

नाही जमणार हिला. इथंच लिहिते, कोणाला सांगणार नाही.

१ मार्च, शनिवार. पेण

शाल, नारळ, भाषणं. फरझाना रडली, पोपट रडला, खजिनदारांनीसुद्धा रुमाल काढला. मी सगळ्यांना पाणी दिलं.

सिम काढायला टाचणी सापडेना. शेवटी इशितानं कानातलं काढून दिलं. नखाएवढा तुकडा. फरझानानं तो ओढणीच्या टोकाला बांधला, पैसे बांधावेत तसा. जीप मला रोह्याला सोडून परत गेली.

विष्णूनं माझ्या फोनमध्ये नवं सिम घालून ठेवलं आहे. नवा नंबर कोणाला कळवू? कोणालाच कळवला नाही.

४ मार्च

फोन वाजला नाही.

९ मार्च, रविवार

विष्णूनं मला चोरी करताना पकडलं — मोरीतही फोन घेऊन जाते. "अगो, वाजायचा नाय तो आता," म्हणाला. मग हात धरून फिरायला नेलं. अष्टमीच्या पुलावर मध्येच थांबला, कठडा धरून. नदी बघतो म्हणाला. इतकी वर्षं बघतोय, आजच काय नवीन दिसलं, देव जाणे. मी पुढे निघून उभी राहिले.

पलीकडे पोपट भेटला. डोलवीहून एका कंत्राटी कामगाराच्या बायकोला रात्री उशिरा दवाखान्यात आणलं म्हणाला. मुलगी झाली. म्हणजे उचलते फोन. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं, वाईटही नाही. आज उचलते, उद्याचं कोणी सांगावं.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पुरण केलं. विष्णूनं एकच पोळी खाल्ली. तूप जास्त झालं म्हणाला.

१८ मार्च, मंगळवार. पनवेल, हॉस्पिटल

विष्णू वाचला.

काल दिवेलागणीला मोरीच्या दारात पडला. छातीवर हात, अंगभर घाम. त्या दिवशी पुलावर तो नदी बघत नव्हता! मी डॉक्टर — आणि मला काहीच सुचेना. हातात फोन होता. मला एकच नंबर पाठ. तोच लावला.

लगेच उचलला. रोजा सोडायला बसली असावी, तोंडात खजूर, शब्द नीट फुटत नव्हते. माझा नवा नंबर तिच्याकडे नाही. कोण बोलतंय, तिला काय ठाऊक.

"घाबरू नको गो, निघाले मी." पाठीमागे ताट सरकवल्याचा आवाज आला. "आता सांग, खंय येऊ?"

मला माझ्या घराचा पत्ता सांगता येईना. मी रडत होते. हमसून हमसून, आईला हाक मारत.

"बाई?... बाई, तुमी?"

इतकी वर्षं ते वाक्य मी म्हणत आले. काल पहिल्यांदा ऐकलं.