शंभर यार्ड, महिला

मी, सिरिल एडगर थॉर्नबर, वय नव्वद वर्षे, निवृत्त शाळामास्तर, राहणार १७, क्लेग स्ट्रीट, रॅवेन्सक्लफ, लँकशायर, हा लेख माझ्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून, कोणीही शेजारी उभे नसताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आज सकाळीच वृत्तपत्रातील चार चुका मी अधोरेखित केल्या असून हा पुरावा कोणत्याही डॉक्टरच्या दाखल्याहून भक्कम आहे, असे मी मानतो. १९७१ आणि २०११ साली केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. वकिलांनी एक छापील मसुदा पाठवला होता. त्याच्या पहिल्याच वाक्यात कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी होते. तो मसुदा शेकोटीत गेला.

घाईचे कारण नोंदवून ठेवतो. माझी थोरली बहीण विनिफ्रेड, वय ब्याण्णव, गेल्या मंगळवारी ‘बीचेस’ या वृद्धाश्रमात जिन्यावरून पडली. हाड मोडले नाही, परंतु मला मात्र तेव्हापासून एका खुर्चीत दहा मिनिटे बसवत नाही. तिचे काहीतरी माझ्याकडे आहे आणि ते परत करावयाचे आहे.

कलम १. क्लेग स्ट्रीटवरील घर, त्यातील सामान आणि बँकेत जे काही निघेल ते, सर्व माझी एकुलती एक मुलगी हिलरी हिला मिळावे. या लेखाची अंमलबजावणीही तिनेच करावी. परसातील छपरीचे दार पावसात फुगते. ते ओढू नये, आधी वर उचलावे. हे मी तिला चाळीस वर्षे सांगत आलो आहे. आता ते कायदेशीर झाले.

कलम २. रॅवेन्सक्लफ टाउन फुटबॉल क्लबच्या मैदानावरील जुन्या स्टँडमध्ये एफ रांगेतील चौदा क्रमांकाची जागा माझी आहे. १९३७ साली आमचा संघ चषकाच्या पाचव्या फेरीत गेला, तेव्हा वडिलांनी मला तिथेच खांद्यावर घेतले होते. क्लब आता इतक्या खालच्या लीगमध्ये आहे की निकाल वृत्तपत्रात शोधताना भिंग घ्यावे लागते. तथापि जागा ती जागाच. या हंगामाचे उरलेले सामने शेजारी डेरेक इंगहॅम याने तिथे बसून पाहावेत. अट एकच. गेली बावीस वर्षे बसमधली गर्दी टाळण्यासाठी तो ऐंशीव्या मिनिटाला उठतो.

“अरे सिरिल, तीन-शून्यने मागे आहोत आपण. आता काय बघायचंय?”

“शेवट.”

“शेवट मला इथूनच दिसतोय की!”

त्याने शेवटची शिट्टी होईपर्यंत बसावे. एकदाही आधी उठल्यास ती जागा रिकामी राहिलेली मला चालेल.

कलम ३. त्याच क्लबच्या सामना-पत्रिकांच्या एकतीस वर्षांच्या प्रती, माझ्या लाल शाईतील दुरुस्त्यांसह, क्लबच्या चिटणिसांना देण्यात याव्यात. त्यांनी १९९४ साली मला लिहिले होते की, “लोक गोल बघायला येतात, स्वल्पविराम बघायला नाही.” खोकी सात आहेत. जिना अरुंद आहे. ती त्यांनी स्वतः उचलावीत.

येथे लिहिणे थांबवून मी ‘बीचेस’ला फोन केला. विनी झोपली आहे, असे सांगण्यात आले. सकाळी साडेदहाला कोण झोपते? आयुष्यभर ती साडेपाचला उठून धावायला जात असे.

कलम ४. माझी दिवंगत पत्नी फिलिस हिचे पदक. हे कलम मी चौथ्यांदा लिहीत आहे. आधीच्या तीन कागदांचे चुरगळलेले गोळे कोळशाच्या बादलीत आहेत. सरळच लिहितो.

आमच्या धावपटूंच्या क्लबात, म्हणजे रॅवेन्सक्लफ हॅरिअर्समध्ये, ओक लाकडाचा विक्रम-फलक आहे. प्रत्येक शर्यतीपुढे एकच नाव, सोनेरी अक्षरांत. विक्रम मोडला की रंगारी जुने नाव खरवडून काढतो आणि त्या जागी नवे लिहितो. ‘शंभर यार्ड, महिला’ या ओळीत १९५१ सालापासून ‘वि. थॉर्नबर, ११.१’ असे होते. ती माझी बहीण. ३ ऑगस्ट १९५३ नंतर तिथे ‘फि. डकवर्थ, ११.०’ असे आले, आणि दोन वर्षांनी फिलिस डकवर्थ माझी पत्नी झाली.

३ ऑगस्टच्या त्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी होती आणि सुट्टीचे खेळ नेहमीप्रमाणे टाउनच्या फुटबॉल मैदानावर होते. धावपट्टी गवतावर चुन्याने आखलेली होती. वेळ नोंदवणारे आम्ही तिघे, शेवटच्या रेषेशी लाकडी पायऱ्यांवर एकामागे एक उभे होतो: सर्वांत वर प्रमुख सेप्टिमस ऑग्डेन, मध्ये होरेस टनिक्लिफ, खाली मी, वय चोवीस, तिघांत नवखा. या कामाचा पहिला नियम असा की नजर शर्यत सोडणाऱ्याच्या पिस्तुलावर ठेवावी आणि धूर दिसताक्षणी घड्याळ सुरू करावे. आवाजावर विसंबू नये. शंभर यार्डांवरून आवाज यायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजे आवाजावर सुरू केलेले घड्याळ धावणाऱ्याला तेवढा वेळ फुकट देते. ज्याला धूर दिसला नाही त्याने “माझ्याकडे वेळ नाही” असे सांगावे. त्यात लाज नसते. निदान तसे म्हणतात.

मी पिस्तुलाकडे पाहत नव्हतो. चौथ्या पट्ट्यात फिलिस वाकून बसली होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो. तिने मान वर केली आणि मग मला आवाज ऐकू आला.

फिलिस पहिली आली, विनी एका यार्डाने मागे. आम्ही आपापली वेळ एकमेकांना न दाखवता कार्डावर लिहून दिली. ऑग्डेन, ११.२. टनिक्लिफ, ११.०, घड्याळ सुरू करताना त्याचा अंगठा आळशी असे, हे सर्वांना माहीत होते. माझे घड्याळही ११.० दाखवत होते. दोन घड्याळे जुळली की तीच वेळ धरतात. मी खरे सांगितले असते तर दोनच घड्याळे उरली असती, आणि दोन जुळली नाहीत तर जास्तीची वेळ धरावी लागते. म्हणजे ११.२. विक्रम विनीचाच राहिला असता.

ऑग्डेनने कार्डे पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

“थॉर्नबर, धूर स्पष्ट दिसला?”

“हो, साहेब.”

नव्वद वर्षांत मी जाणूनबुजून लिहिलेली चूक एवढी एकच आहे.

तीन आठवड्यांनी रंगाऱ्याने फलक बदलला. विनी तिथे उभी राहून पाहत होती. परत निघताना तिने रस्त्यात विचारले, “सिरिल, तू धूर पाहिलास ना?” मी हो म्हणालो. त्यानंतर दर नाताळाला, पुडिंग वाढताना, ती हाच प्रश्न विचारते. सगळे हसतात, कारण घरात ती थट्टाच होऊन बसली आहे. विनी हसत नाही, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलेले नाही.

काही वर्षांनी कोणीतरी तो विक्रम मोडेल आणि माझी सुटका होईल, अशी मला आशा होती. पण साठचे दशक सरता सरता यार्ड गेले, मीटर आले, आणि शंभर यार्ड धावणारे कोणी उरलेच नाही. हे कळले त्या दिवशी फिलिस ओट्याला टेकून हसली. “आता मला कुणी हरवूच शकत नाही! मोजपट्टीच बदलली की हो.” मी उठून कोळसा आणायला गेलो. तिला मी कधीही सांगितले नाही. ती २०११ साली गेली.

म्हणून लिहितो: माझ्या मृत्यूनंतर हॅरिअर्सच्या फलकावरील ती ओळ खरवडावी, आणि तिथे ‘वि. थॉर्नबर, ११.१, १९५१’ असे पुन्हा सोनेरी अक्षरांत लिहावे. फिलिसचे पदक हिलरीला मिळावे. ते शर्यत जिंकल्याचे आहे, आणि शर्यत तिने जिंकली होती.

कलम ५. त्या शर्यतीत माझ्या हातात असलेले स्टॉपवॉच विनिफ्रेडला मिळावे.

*

बुधवार. काल हिलरी आली आणि मी तिला वरील चौथे कलम वाचून दाखवले. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत नोंदवणे मला न्याय्य वाटते.

“बाबा, आई जाऊन आठ वर्षं झाली. आता मेल्यावर तिला हरवणार आहात का तुम्ही?”

“हरवत नाही. शर्यत तिचीच आहे. वेळ तिची नाही.”

“आणि सहासष्ट वर्षांनी तो एक दशांश सेकंद कुणाला हवाय?”

“विनीला.”

“तिनं मागितलाय?”

“दर नाताळाला.”

हिलरीने टेबलावरचा कागद उचलून पुन्हा वाचला. तिने आईचे नाक घेतले आहे आणि रागही. “हे बघा,” ती म्हणाली, “इथे ‘माझ्या मृत्यूनंतर’ असं लिहिलंय तुम्ही. तुमच्या मृत्यूनंतर. आत्या ब्याण्णव वर्षांची आहे आणि परवा जिन्यावरून पडलीय. तिच्या मृत्यूनंतर हे झालं तर वाचणार कोण?”

मी म्हणालो की कायद्याची रीतच तशी असते.

“कायद्याची नाही, तुमची. तोंडाने सांगायला नको म्हणून तुम्ही मरेपर्यंत थांबताय. आईला सांगायचंही असंच राहिलं.”

ती दार आपटून गेली. छपरीचे नव्हे, पुढचे. ती गेल्यावर मी कागद ओढून घेतला, दोनदा लेखणी उचलली आणि दोनदा खाली ठेवली. तिच्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे मला काहीही सापडले नाही.

*

गुरुवार, ‘बीचेस’, खोली क्रमांक नऊ. पुढील मजकूर मी विनीच्या पलंगाजवळच्या छोट्या टेबलावर लिहीत आहे. ते डुगडुगते, त्यामुळे अक्षर बिघडले आहे, बुद्धी नव्हे.

सकाळच्या पहिल्या बसने आलो. विनी खुर्चीत बसली होती; गुडघ्यावर शाल, कपाळावर जांभळा डाग. मला पाहताच म्हणाली, “नाताळाला अजून दोन महिने आहेत. कोण गेलं?”

“कोणी नाही. विनी, मी धूर पाहिला नव्हता.”

मी सहासष्ट वर्षे याच्यापुढची सात-आठ वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही बाहेर आले नाही. तिने चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ घेतला. वेळ मोजण्याची मला सवय असूनही तो मी मोजला नाही.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

“कसं?”

“अरे बाबा, त्या उन्हाळ्यात तू कुठे बघायचास ते अख्ख्या रॅवेन्सक्लफला ठाऊक होतं. दूधवाल्यालासुद्धा. आणि मी तिच्या एक यार्ड मागे होते. अकरा-एक पायांत कसं लागतं ते मला माहिताय. त्या दिवशी गवत ओलं होतं. आम्ही दोघीही मंद धावलो.”

“मग इतकी वर्षं विचारत का राहिलीस?”

“तुझ्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून. तुला वाटलं काय, पुडिंगबरोबर तोंडी लावायला विचारत होते?” मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “दर वर्षी वाटायचं, या खेपेला बोलेल. पडले ना जिन्यावरून, तेव्हा खाली पोचेपर्यंत एवढंच डोक्यात आलं, की हा मेला आता सांगणार नाही.”

मी क्षमा मागितली. ती तिने दिली की नाही हे मला सांगता येत नाही. तिने फक्त मला खुर्ची ओढून घ्यायला सांगितले. मग मी तिला हा लेख वाचून दाखवला. चौथ्या कलमाशी तिने हात वर केला.

“फिलिसवर बोट ठेवू नकोस. ती माझ्यापुढे होती, मी तिची पाठ बघितलीय. शर्यत तिची, विक्रम माझा. दोन्ही लिहा.”

“फलकावर ओळ एकच आहे.”

“मग सोनं बारीक वापरा! आणि मृत्यूनंतर-बित्यूनंतर नाही. सोमवारी. मला चाकाची खुर्ची लागेल, हिलरीला सांग.”

पाचवे कलमही तिला मान्य नव्हते. “ते घड्याळ मला देऊ नकोस. त्याला धूर दिसत नाही.”

त्यानुसार:

कलम ४ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ येथपासून ‘सोनेरी अक्षरांत लिहावे’ येथपर्यंतचा मजकूर मी खोडला असून समासात आद्याक्षरांची सही केली आहे. तो रद्द होत आहे, कारण तो अमलात येत आहे. क्लबच्या अध्यक्षांशी या खोलीतूनच फोनवर बोलणे झाले. रंगारी सोमवारी दहा वाजता येईल. ‘वि. थॉर्नबर, ११.१, १९५१’ ही ओळ वर, आणि खाली लहान अक्षरांत ‘३ ऑगस्ट १९५३ ची शर्यत: फि. डकवर्थ, प्रथम’. हिलरीला मी फोन केला. ती म्हणाली, “खुर्ची मी ढकलेन. पण आईचं नाव खरवडताना मी बाहेर थांबेन.” ते योग्यच आहे.

कलम ५ संपूर्ण खोडले आहे. स्टॉपवॉच हॅरिअर्सच्या काचेच्या कपाटात ठेवावे आणि सोबत ही चिठ्ठी असावी: ‘या घड्याळाने ३ ऑगस्ट १९५३ रोजी चुकीची वेळ दाखवली. चूक घड्याळाची नव्हती.’

साक्षीदारांचा प्रश्न उरला होता. डेरेकला जागा दिली असल्याने तो चालत नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. येथील परिचारिका श्रीमती सेलिया ओकोरो तयार झाल्या. दुसरा कोण, याचा मी विचार करत असता विनीने माझ्या हातातील लेखणी घेतली.

“मला या कागदातून आता काहीच मिळत नाही ना?”

“काही नाही. जे होतं ते सोमवारी मिळतंय.”

“मग सही मीच करते. पण आधी तू कर. मी बघतेय.”

मी सही करताना दोघीही माझ्या हाताकडे पाहत होत्या.

लिहून देणार: सिरिल एडगर थॉर्नबर

साक्षीदार, ज्यांनी वरील सही होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली:

१. सेलिया ओकोरो, परिचारिका, ‘बीचेस’

२. विनिफ्रेड हार्ग्रीव्ह्ज, पूर्वाश्रमीची थॉर्नबर, ‘बीचेस’, खोली क्रमांक नऊ

स्थळ: रॅवेन्सक्लफ. दिनांक: १७ ऑक्टोबर २०१९. वेळ, विनीच्या मनगटावरील घड्याळाप्रमाणे: अकरा वाजून एक मिनिट.