दोन बाटल्यांमधला पडदा

रविवार, १२ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार, आणि नमस्काराच्या पाठोपाठ भांडण. इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आई बाबांवर कुरकुरते.

तू संशोधन अर्धवट टाकून घरी येणार, असं बाबा काल म्हणाले. का, तर मी कॉलेज सोडलं आणि नीट जेवत नाही म्हणून. अगं, घरात अर्धवट सोडणारा एक पुरे नाही का?

तुझे जंतू जगले हे वाचून मी ओरडलोच. आईला समजावलं, की दोन जातीचे जंतू दोन बाटल्यांत, मधे पडदा. त्यातून जंतू जात नाहीत, त्यांनी टाकलेलं तेवढं झिरपतं. ह्याने टाकलेल्यावर तो जगतो, त्याने टाकलेल्यावर हा. आई म्हणाली, "त्यात काय शोधायचंय? तू दुधावरची साय टाकायचास, ती खायची. तिचे आखूड झालेले स्वेटर तू घालायचास."

तुझ्या प्रयोगशाळेत आलो होतो तेव्हा मीच पडदा काढून दोन्ही बाटल्या एकात ओतल्या होत्या, ते आठवलं की अजून कान तापतात. पण तेव्हा प्रेमात होतो गं. दोन जीव, मधे पडदा, बघवेना. तुझा महिना पाण्यात गेला आणि तू एवढंच म्हणालीस, "दीडशहाण्या, न भेटता जगतात का, तेच तर बघायचं होतं!"

'तिच्या'बद्दल विचारलंस. मजेत आहे. नवं शहर, नवं कॉलेज. आमच्या गल्लीत रस्ता खणलाय, सगळीकडे चिखल.

बरं, सांगतो. गेल्या आठवड्यात तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, तुझ्यासाठी कॉलेज सोडलं, आता इथेच राहतो. ती म्हणाली, "मी सोड म्हटलं होतं? आणि आता हे ओझं जन्मभर माझ्या डोक्यावर?" मी दार आपटून निघालो. दारही तिचंच. बसमध्ये अर्धा रस्ता तिला शिव्या घातल्या. उरलेल्या अर्ध्यात कळलं, की बरोबर बोलली.

ताई, "तुझ्यासाठी सोडलं" असं तू कधी म्हणणार नाहीस. पण तू समोर बसलीस की मला ते रोज जेवताना ऐकू येईल. मग मात्र खरंच घास उतरायचा नाही.

म्हणून येऊ नकोस. म्हणजे भेटायला ये, सांभाळायला नको. तिकडून तू लिहीत राहा, रागावत राहा, इकडून मी लिहितो. तेवढं झिरपलं तरी मला पुरतं. उद्या प्राचार्यांना भेटून परत घ्या म्हणणार आहे, हात जोडून आणि तोंड मिटून. हात जमतील.

पडद्याच्या अलीकडे, जिवंत,
तुझा भडकू

ता. क. आज साय खाल्ली. शी! इतकी वर्षं कशी गं खाल्लीस?