बाहेरून लावलेली कडी

माय, घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय. तू असतीस तर आधी कपाळाला हात लावला असतास, आणि मग विचारलं असतंस, "त्याची माय कुठं हाय?" म्हणून तेच आधी सांगते. वालूरला आपल्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी, एक तांबडी कुत्री राहायची. रानडुकरांच्या मागे धावत गेली ती परत आलीच नाही. मागे पाच पिल्लं. चार कुणी कुणी नेली, एक उरलं. ते धाकट्याने पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मोटारसायकलवरून सेलूला माझ्या दारात आणलं. "अक्का, तुरी काढायच्यात, आखाड्यावर ह्याच्याकडं बघायला कोनी न्हाई. आठ-पंधरा दिस ठेव," म्हणाला. चहासुद्धा न घेता गेला. मी खोक्यात डोकावले तर आतून दोन डोळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्याला इथे बोलावलं होतं.

महिन्याचंच होतं ते. पहिल्या दिवशी वाटीभर म्हशीचं दूध दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी फरशी घाण झाली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं. मऊ भातात उकडलेलं अंडं कुस्करून दिवसातून चार वेळा द्या म्हणाले, जंताचं औषध दिलं. तुझ्या घरात वाढलेली मी, अंड्याला कधी हात लावला नव्हता. त्याच्यासाठी वेगळं पातेलं आणलं, ते मागच्या अंगणात ठेवलं, स्टोव्हही तिथेच. दर दोन तासांनी त्याला उचलून बाहेर मातीत न्यायचं, तिथे ते नुसतं हुंगत बसायचं, आणि आत आणलं की माझ्या शिलाई मशीनखाली तळं करायचं. मग फिनाईल, जुन्या लुगड्याची फडकी, बादली. थंडीचे दिवस, त्यामुळे फडकी वाळत नव्हती. रात्री तास-दीड तासाच्या वर डोळा लागत नसे. खोक्यात ठेवलं की रडे, उशाशी घेतलं की केस चावे. सुईसारखे दात आहेत त्याचे. माझ्या घोट्यांवर, बोटांवर बारीक बारीक ओरखडे, मी बाभळीतून चालून आल्यासारखे.

जावई तुझे जिनिंगमध्ये. कापसाचा हंगाम असला की ते सकाळी जातात ते दिवस मावळल्यावर येतात, केसांत, भुवयांत कापूस घेऊन. आल्यावर पिल्लाला मांडीवर घेतात, ते त्यांच्या शर्टाचं बटन चोखत झोपतं. मी म्हणाले, "दिवसभर मला फाडून खातंय आणि तुमी आले की कसं शहाण्यासारखं झोपायलंय बघा." तर म्हणतात, "त्याला काय कळतंय. तान्हं लेकरू ते." ते चांगल्या मनाने म्हणाले. पण तान्हं लेकरू कसं असतं ते मला कुठे माहीत होतं, माय? आमच्या घरात कधी पाळणा हलला नाही. परभणीच्या डॉक्टरांकडे तूच माझ्याबरोबर यायचीस, एसटीत खिडकीची जागा मला द्यायचीस. सगळे उपाय संपले त्या वर्षी तू मला हे पायमशीन घेऊन दिलंस. कुणाच्या तरी बैलगाडीतून आणलंस, स्वतः पाठीमागे मशीनला धरून बसून. उतरवून झाल्यावर पदराने त्याच्यावरची धूळ पुसलीस आणि म्हणालीस, "हात रिकामे ठेवू नको." एवढंच. तेव्हापासून फॉल-पिको करते आहे. गल्लीतल्या किती बायकांच्या साड्या माझ्या हाताखालून गेल्या असतील. हात रिकामे राहिले नाहीत, पण झोप मोडून मोडून माणसाचं काय होतं ते मला पन्नाशी उलटेपर्यंत कळलं नव्हतं.

बाराव्या की तेराव्या दिवसाची गोष्ट. दुपार होती. लग्नाची साडी होती एका बाईंची, गर्द जांभळी, संध्याकाळी द्यायची. मी अंगणात त्याचं पातेलं घासायला गेले आणि परत येते तर साडी खाली ओढलेली, एक टोक त्याच्या तोंडात, आणि ते मागच्या पायांवर रेटून खेचतंय, मोठा खेळ सापडल्यासारखं. काठाजवळ बोटभर भोक. मी काहीच विचार केला नाही. मशीनवरची लाकडी पट्टी घेतली आणि त्याच्या पाठीत घातली. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा ते पळत नव्हतं, नुसतं जमिनीला चिकटून बसलं होतं, तरी मारलं. मग ते मशीनच्या पायडलमागे शिरलं आणि असं ओरडायला लागलं की शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, "काय झालं ओ?" मी चपला घातल्या, बाहेर आले, दार ओढून कडी लावली आणि चालायला लागले.

चालत चालत स्टेशनवर गेले. कुठे जायचं नव्हतं, पण स्टेशनवर बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. एक पॅसेंजर आली, माणसं चढली-उतरली, गेली. मी बाकावर बसून होते. कानात ओरडणं होतंच, पण हळूहळू ते कमी झालं आणि मला बरं वाटायला लागलं. खरंच सांगते, लाज वाटायच्या आधी बरं वाटलं. कुणी मला चावत नव्हतं, कुणाला माझं काही लागत नव्हतं. पाय लांब केले. आणि त्या क्षणी मला तू दिसलीस, वालूरच्या बारवेच्या पायऱ्यांवर बसलेली.

त्या दिवसाची गोष्ट आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आत्याबाईंनी ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली. शनिवार आहे, सकाळची शाळा. मी आठ वर्षांची. धाकटा चार महिन्यांचा, दिवस-रात्र रडणारा, पोट दुखायचं त्याचं. वडील, आपले दादा, कापसाची गाडी घेऊन सेलूला गेलेत. मी शाळेतून घरी येते तर दाराला बाहेरून कडी आणि आत लेकरू रडून रडून घसा बसलेलं. मी कडी काढते. झोक्यात तो लालबुंद झालाय, चुलीपाशी परातीत अर्धवट मळलेलं पीठ वाळायला लागलंय, आणि तू नाहीस. मी दोन गल्ल्या पलीकडे पळत जाते आणि आत्याबाईंना सांगते. त्या येतात, लेकराला उचलतात, ओट्यावर बसतात. शेजारच्या बायका जमतात. मग तू येतेस. तुझे पाय ओले आहेत, लुगड्याचा काठ ओला आहे.

"कुठं गेलतीस?" आत्याबाई विचारतात.

तू लेकराकडे हात करतेस, तर त्या त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतात. "तान्ह्याला कडी लावून जातंय का कोनी? मांजर शिरली असती म्हंजी? हिच्या भरोशावर लेकरू ठेवू नका," असं गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात. तू आत गेलीस आणि ते वाळलेलं पीठ पाणी लावून पुन्हा मळायला बसलीस. मला आजही तो आवाज आठवतो, परात जमिनीवर घासण्याचा. संध्याकाळी दादा आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि जेवायला बसले. पुढे पंधरा-वीस दिवस आत्याबाई रोज सकाळी धाकट्याला आपल्या घरी नेत, फक्त पाजायला तुझ्याकडे आणत. तू पाजायचीस आणि परत द्यायचीस. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट निघाली की माणसं हसायची आणि तू पदर पुढे ओढून आत जायचीस, काहीतरी आणायचं राहिल्यासारखी.

त्या रात्रीच, माझी वेणी घालताना, तू मला विचारलंस, "घाबरलीस का गं?" मी हो म्हणाले. तू म्हणालीस, "मी येनारच होते." तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

आता जे इतकी वर्षं कुणालाच माहीत नव्हतं ते सांगते. शाळेतून घरी यायचा माझा रस्ता बारवेवरूनच होता. त्या दिवशी मी वरून डोकावले होते आणि तू मला दिसली होतीस. पाण्यात पाय सोडून बसली होतीस, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला. रडत नव्हतीस. नुसती पाण्याकडे बघत होतीस, आणि तुझा चेहरा इतका शांत होता की मी तो ओळखला नाही. घरात तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, ही आता कुणाचीच माय नाही. मी हाक मारली असती तर तू वर बघितलं असतंस. मी मारली नाही. घरी गेले, रडणं ऐकलं, आणि आत्याबाईंना म्हणाले, "माय कुठं गेली, मला ठाव न्हाई." शंभर पावलांवर होतीस तू. तुला बोलावून आणलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. परभणीच्या दवाखान्यात तुझे शेवटचे आठ दिवस मी तुझ्या खाटेशी होते. एकदा तोंडापर्यंत आलं होतं. तू म्हणालीस, "पंखा कमी कर गं," आणि मी उठून पंखा कमी केला. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली.

स्टेशनवरून परत आले, कडी काढली. ते दाराच्या आतच बसलं होतं. मला वाटलं होतं लपेल, भिईल. पण ते सरपटत माझ्या पायांशी आलं आणि त्याची शेपटी फरशीवर आपटायला लागली. मला ते बघवेना. तिथेच उंबऱ्यात बसले आणि त्याला मांडीवर घेतलं. पाठीवरून हात फिरवला तर एका जागी ते आक्रसलं. साडी रफू केली, संध्याकाळी त्या बाई आल्या तेव्हा भोक दाखवून सगळं खरं सांगितलं. त्यांनी काठ उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या, निऱ्यांत जातंय." तुझ्या जावयांना मी पिल्लाला मारल्याचं सांगितलं, निघून गेल्याचंही. ते पिल्लाची पाठ चाचपत म्हणाले, "परत आलीस ना?" दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवायच्या सुट्टीत सायकलवर घरी येऊ लागले आणि मला तासभर झोप म्हणू लागले. ती पट्टी मी चुलवणात घातली. आता कापड टेपने मोजते.

तुरी निघाल्यावर धाकटा पिल्लू न्यायला आला. मी त्याला भाकरी वाढली आणि तो जेवत असतानाच सगळं सांगितलं, बारव, तुझे पाय, माझं खोटं बोलणं. लहानपणापासून त्याला आत्याबाईंनी, मग चुलत भावांनी चिडवलेलं, "तुला तुझ्या मायनं सोडून दिलतं." त्याचा हात ताटात थांबला. मग त्याने विचारलं, "मी किती येळ रडलो असंन, अक्का?"

"अर्धा-पाऊण तास असंल."

"मंग माय तेवढीच बसली व्हय?" त्याने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही. "अजून बसायला पायजे होती गं. लय बेजार केलं असंल मी तिला." पाणी प्यायला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आन् तू आठ वर्साची होतीस. जेव तूबी." जाताना खोकं मागितलं नाही. मीही दिलं नाही.

पिल्लू आता अडीच महिन्यांचं झालंय. बाहेर मातीत जायचं त्याला बऱ्यापैकी कळलंय, चावायचं कमी झालंय, काल लसही टोचून आणली. पट्टीच्या त्या जागी हात लागला तर आता आक्रसत नाही, की मलाच तसं वाटतं, माहीत नाही. हे कागद घडी करून कुठे ठेवायचे तेही माहीत नाही. आत्याबाई नव्वदीच्या घरात आहेत, त्यांना वाचून दाखवावं असं एकदा मनात आलं, पण त्यांना आता ऐकू येत नाही, आणि ज्यांनी ती गोष्ट ऐकून हसावं अशी माणसंही फारशी उरली नाहीत. तुझ्यापर्यंत तर हे पोचायचं नाहीच.

एक सांगायचं राहिलं. आज दुपारी मी पुन्हा दार ओढून घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले होते. ते रडत नव्हतं, माय. गाढ झोपलं होतं. मी तरीही बसले, ऊन पायांवरून उतरून जाईपर्यंत.