तुमच्या स्कोपमधले सहा कंडेन्सर

सर, तुमचा स्कोप काल दुपारी सुरू झाला. पडद्यावर हिरवी रेघ उमटली आणि मी स्टुलावर नुसती बसून राहिले.

सौसरच्या तुमच्या दुकानात दुरुस्ती शिकायला मी पांढुर्ण्याहून बसने यायची. टीव्हीतला बिघाड रेघेवरून दाखवणारा तो ऑसिलोस्कोप तुम्ही नागपूरहून जुनाच आणला होता. त्यातले वीज साठवणारे कंडेन्सर म्हातारे झालेत, फुटायच्या आधी बदलून टाकू, असं मी सारखी म्हणायची. तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "चालून राहिला न? मंग कायले खोलून राहिली त्याले?" एकदा तुम्ही रामाकोन्याला लग्नाला गेलात आणि मी सहा बदलून टाकले. परत आल्यावर सांगितलंही. तुम्ही रागावला नाहीत. पंधरा दिवसांनी स्कोप बंद पडला. "आता याले हात नको लावू," एवढंच बोलून तुम्ही त्यावर कापड टाकलंत. पुढे मी पांढुर्ण्यात दुकान काढलं, पण ते वाक्य काही सुटलं नाही. तुम्ही वारलात त्या दिवशी तुमच्या दारापर्यंत येऊन मी माघारी फिरले.

इतक्या वर्षांनी मागच्या महिन्यात काकूंनी तुमच्या घरी बोलावलं. म्हणाल्या, "घेऊन जा माय, घरी कोनालेच समजत नाई याचं." मी तो खोलला. माझे सहाही काढून मीटरला लावले, ठीक निघाले. उलटा बसवलेला एकही नव्हता. ट्रान्सफॉर्मरच्या आड, जिथे तेव्हा माझा हात पोचला नव्हता, तिथला जुना मोठा कंडेन्सर खालून गळला होता आणि त्या पाण्याने सर्किटच्या प्लेटवरची तांब्याची पट्टी खाऊन तोडली होती. तेवढा एक बदलला, पट्टीच्या जागी तार जोडली. तो माझ्या हाताने गेला नव्हता, सर. कित्येक वर्षांनी मी पोटभर जेवले.

आज मोहगावचा एक मेकॅनिक टीव्ही-रेडिओ तपासायचा जुना सिग्नल जनरेटर घेऊन आला. "मॅडम, सगळेच कंडेन्सर बदलून टाकू का?" मी म्हटलं, "एकेक काढून मोज. खराब असंन तो बदल. गळला असंन तर मोजत नको बसू." तो मान हलवून गेला आणि मी हे लिहायला बसले. काकूंना वाचून दाखवावं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण आता नाही दाखवणार. तुम्ही लग्नाहून आलात तेव्हा विचारलं होतं, "मोजून काढले न?" मी हो म्हटलं. एकही मोजला नव्हता.