बाटलीतला भंडारा

मंगळ, ३ एप्रिल २००१. वरवंड
व्हॅनखाली आज पुन्हा ओलं. काल मामीला सांगितलं, मी पाणी सांडलं. आज वाकून बघितलं तर रेडिएटरशेजारच्या पांढऱ्या बाटलीला बुडाशी चीर. जादा पाणी तिच्यात येतं, ते सगळं खाली.
मामा म्हणाले, "दौंडपातूर जाईल का?"
म्हटलं, जाईल.
"मंगल कवाबी म्हणंल चला. तवा गाडी दारात पायजे. आन् तूबी."
'तूबी' जरा जोरात. मंगलताई त्यांची थोरली, बाळंतपणाला आलीय, दिवस भरलेत, दवाखाना दौंडला. मी दिवाळीपासून इथं. एवढा कुठंच टिकलो नव्हतो. मामांनी किल्ली दिली म्हणून असेल.

बुध, ४
उलथनं चुलीत लाल केलं आणि चिरेवर दाबलं. प्लास्टिक वितळून बसलं. खूश झालो. पाणी भरलं तर शेजारी नवीन भोक.
मामी म्हणाली, "आता थालीपिठाला गाडीचा वास यायचा." हसत नव्हती.
दुपारी कॅनालवर पोहायला. जायला नको होतं, बाटलीचं तसंच राहिलं.

गुरु, ५. रात्री
बाटली आणायला एसटीनं शिरूर. मिस्त्री म्हणाला, नवी पुण्यावनं मागवावी लागंल, पण भंगारात एक व्हॅन पडलीय, तिची काढून ठेवतो, दोन वाजता ये.
स्टँडवर दत्ता भेटला, गेल्या साली एकत्र हमाली केलेला. "कोरेगावात कंपनीत पोरं घेत्यात, चल की." दोनला वेळ होता, ट्रकात चढलो. गेटवर वॉचमन "कल आना". मग भीमेच्या काठाला बसलो, दत्ता गुजरातच्या गोष्टी सांगत होता. तिकडं म्हणे पगार दुप्पट.
परत शिरूरला आलो तर मिस्त्रीचं शटर खाली.
मामा ओट्यावरच होते. "मिळाली?"
"उद्या देतो म्हणाला."

शुक्र, ६
मंगलताईची कंबर धरलीय. मामा म्हणाले, आज कुणी गाव सोडायचं न्हाई. झालं, शिरूर बोंबललं.
फाट्यावर वडापची जीप चालवणारा पोपट गाडी पुसत होता. त्याला विचारलं. "हळद टाक रेडिएटरात, बाटलीतबी. चीर बुजती. चिमूटभर, बरं का."
मामीकडं हळद मागायला तोंड नाही, उलथन्यापासून. व्हॅनच्या कप्प्यात जेजुरीच्या भंडाऱ्याची डबी असते, गाडी घेतली तेव्हा मामांनी आणलेली. भंडारा म्हणजे हळदच की. देवाची गाडी, देवाची हळद. हात जोडले, आणि पोपटची चिमूट विसरून सगळी डबी दोन्हीत ओतली. देवाचं थोडंथोडं कसं टाकायचं.
अर्ध्या तासात थेंब बंद. खरंच बंद.
संध्याकाळी मामांनी गाडीखाली हात फिरवला. कोरडा. "शिकलास की."
डबीचं सांगणार होतो. पण 'शिकलास की' ऐकल्यावर नाही सांगितलं.

शनि, ७. पाटसच्या पुढं, रस्त्याकडंला
पहाटे मंगलताई म्हणाली, चला. मामा पुढं, मामी आणि ती मागं. पाटसपर्यंत ठीक. मग टेंपरेचरचा काटा चढायला लागला. पंखा फिरतोय, बाटली गळत नाही, तरी काटा वरच. मग वाफ.
झाकण फडक्यानं सैल केलं तर पिवळं पाणी उसळून रस्त्यावर. हळदीचा राडा. रेडिएटरच्या नळ्या बुजल्या असणार.
ताई कळ दाबून म्हणाली, "संपत, कढी केलीस का रे?"
मामी म्हणाली, "अवो, तिला भंडारा लावा." मामांनी कप्पा उघडला. डबी रिकामी. त्यांनी डबीत बघितलं, मग रस्त्यावर, मग माझ्याकडं. आता बोलतील म्हणून मी उभा. त्यांनी बंपरवरनं पिवळं ठिबकत होतं त्याला बोट लावलं, पोळलं असेल, आणि ते तसंच मंगलताईच्या कपाळाला.
दुधाचा टेम्पो थांबला. त्या दोघी केबिनमध्ये, मामा मागं कॅनांत. मी चढायला लागलो तर मामा म्हणाले, "तू गाडीपाशी थांब." टेम्पो हलला तेव्हा, "थांबशील न्हवं?"
मी मान हलवली. धुरळ्यात त्यांना दिसलं का माहीत नाही.

ऊन चढलं. दौंडकडून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोकडं बघतोय. ताईचं काय झालं, कळायला मार्ग नाही. मघाशी एक ट्रकवाला थांबला. "सोलापूर, हैदराबाद. आना है?" किल्ली खिशात होती. म्हटलं, गाडी आहे. तो व्हॅनकडं बघून हसला आणि गेला.
इंजिन गार झालंय. बाटली अजून गळत नाही, ती मात्र पक्की बुजली.
दौंडकडून कुणीतरी येतंय, लांब आहे. दुधाचाच टेम्पो वाटतो. वही ठेवतो, हात करतो.