हवेची गादी आणि माझी कूस

जुळे सोलापूर,
एप्रिलअखेर, भर दुपार

तीर्थस्वरूप शहाजी दाजींना,
अभिमन्यूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आक्काचे गुडघे काय म्हणतात? तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं आईकडून कळलं. आता पत्र तुमचं तुम्हालाच वाचता येईल या भरवशावर लिहितोय, कारण हे आक्कानं मोठ्यानं वाचून दाखवण्यातलं पत्र नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द पत्रात लिहायचा असतो म्हणून लिहिला. मी घाबरलेलो आहे.) फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग कुर्डुवाडीत अख्ख्या आळीला आमची खुशाली समजते. शिवाय आमच्याकडे पूनम कुठल्याही खोलीत असली तरी तिला सगळ्या खोल्यांतलं ऐकू येतं. म्हणून पत्र.

तर दाजी, मी पुढच्या महिन्यात हिमालयात जाणार आहे. पाठीवर पिशवी घेऊन, पायी. हसू नका. गेल्या वर्षी पूनमच्या छातीतली गाठ काढली तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून होतात, तेव्हा पुढचं तुम्हाला सांगायला हरकत नाही. रिपोर्ट यायचा होता त्या दिवसांत एका संध्याकाळी ती खिडकीकडे बघत म्हणाली, "रिपोर्ट चांगला आला ना, तर एकदा बर्फाच्या डोंगराखाली तंबूत झोपायचंय मला." मी म्हणालो, "तू म्हणशील तिथं येतो." देवाला नवस बोललो असतो तर नारळावर भागलं असतं. मी बायकोला बोललो. रिपोर्ट चांगला आला. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही, फक्त शाळेत शिकवायला जायच्या आधी रोज सिद्धेश्वर तलावाकडे चालायला जायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. आणि मार्चमध्ये तिनं डोंगरात नेणाऱ्या मंडळींकडे दोघांची नावं नोंदवून टाकली.

भीती म्हणाल तर मला पुष्कळ गोष्टींची वाटते. दरीची वाटते, अस्वलाची वाटते, थंडीची तर फारच वाटते (आपल्याकडे स्वेटर पेटीतून काढेपर्यंत हिवाळा उरकतो, त्यामुळे थंडी ही मला ऐकूनच ठाऊक). पोरीनं, म्हणजे अंकितानं, पुण्याहून झोपायची पिशवी आणून दिली. आईनं माझं नाव अभिमन्यू ठेवलं तेव्हा तिला कल्पना नसणार, पण त्या पिशवीत मी शिरलो आणि चेन अडकल्यावर बाहेर कसं यायचं ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी आईनंच पाय धरून ओढून काढलं. पण या सगळ्या भीती एकीकडे आणि जमिनीची भीती एकीकडे. नेणाऱ्या लोकांनी कळवलं, तंबू आमचा, पण खाली अंथरायचं पॅड ज्याचं त्यानं आणावं. तिथून माझी झोप गेली.

कारण मला कुशीवरच झोपावं लागतं. हौस म्हणून नाही, डॉक्टरांचा हुकूम म्हणून. मी उताणा झोपलो की घोरता घोरता माझा श्वास मध्येच अडतो. डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तुमचा मुक्काम फार उंचावर नाही, जाऊन या, पण उताणं झोपू नका. मी मनात धरलं होतं की ते जाऊ नका म्हणतील. चांगले डॉक्टर नेमके अशा वेळी दगा देतात. आता कुशीवर झोपणाऱ्याची अडचण तुमच्यासारख्याला कळायची नाही. तुम्ही रेल्वेतली माणसं, फलाटावरच्या बाकावर, सिग्नलच्या खोलीत, खुर्चीत, कुठंही डुलकी काढलेली. उताण्या माणसाचं वजन सगळ्या अंगाला वाटून जातं. कुशीवरच्याचं सगळं ओझं दोन ठिकाणी, खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर. खाली दगड असला की हाड कुरकुरतं, हाड कुरकुरलं की माणूस झोपेतच उताणा होतो, आणि उताणा झाला की पुढचं मी तुम्हाला आत्ताच सांगितलं. म्हणजे माझ्या आणि वरच्याच्या मध्ये काय, तर एक पॅड.

पहिल्यांदा नवी पेठेतून फोमची घडीची चटई आणली. दुकानदार म्हणाला, लई मजबूत हाय. होती खरी, ती दबतच नव्हती. हॉलमध्ये फरशीवर टाकून दुपारी निजलो (अंधारात प्रयोग करायचा माझा धीर नव्हता). जाग आली तेव्हा डावा हात नव्हता. म्हणजे दिसत होता, पण माझा वाटत नव्हता. मला वाटलं, झटका आला. उजव्या हातानं डावा हात उचलून छातीशी धरला आणि बनियनवरच रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात हलवून बघितला आणि म्हणाले, "अंगाखाली दबला होता. मुंग्या येतील आता." आल्या. रिक्षा बाहेर थांबवलीच होती, तिच्यातच परत आलो.

आईनं तिचं घोंगडं काढून दिलं. "तुजा बाप मेंढरांमागं ह्याच्यावरच निजायचा की," म्हणाली. मी म्हणालो, दादा सडपातळ होते, त्यांना कमरेला हाडच नव्हतं. ती म्हणाली, "हाड हुतं. तक्रार न्हवती." घोंगडं चौपदरी करून निजलो तर उंचवटा झाला आणि मी त्याच्यावरून घरंगळलो. गालाला खाज सुटली ती वेगळीच.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्याचा बसवराज आहे, अक्कलकोटकडचा. त्याला मी काळजी सांगितली. तुम्हाला खोटं कशाला सांगू, जगातली सगळ्यात चांगली झोप मी जेवणाच्या सुट्टीत टॉवेलच्या गठ्ठ्यावर घेतो. कूस बरोबर जिथल्या तिथं रुतते. बसवराज म्हणाला, "सर, मग एक गठ्ठाच न्या की." त्यानं तो वजनकाट्यावर ठेवलाही. मग तो उचलून मी गेटपर्यंत चाललो, आणि हिमालय गेटच्या पुष्कळ पुढं आहे हे लक्षात आल्यावर खाली ठेवला.

शेवटी अंकितानं पुण्याला बोलावून घेतलं. तिथं अशा सामानाचं मोठं दुकान आहे. आत एक चुणचुणीत पोरगी होती. तिनं विचारलं, "काका, कसं झोपता?" परक्या मुलीला हे कसं सांगावं म्हणून मी अंकिताकडे बघितलं, तर अंकिता तंबू बघायला गेलेली. मी म्हणालो, "कुशीवर." ती म्हणाली, "मग पातळ बघूच नका. इथं पडा, डोळे मिटा, घरी झोपता तसं झोपा." दुकानाच्या मधोमध, दाजी! मी बूट काढले आणि पडलो. पहिल्या पॅडवर कमरेचं हाड फरशीला टेकलं, त्याचा आवाजही आला. दुसरं जाड होतं, पण एवढं अरुंद की गुडघे दुमडले तर ते बाहेर, सरळ केले तर मी बाहेर. तिसरं हलताक्षणी चुरमुऱ्याच्या पोत्यासारखं चुरचुरायचं. त्याच्यावर निजलो असतो तर तंबूत अस्वल शिरलंय असं समजून पूनमनं मला काठीनं मारलं असतं. चौथं वीतभर नसलं तरी चांगलं चार बोटं जाड, रुंद, आत थंडी अडवणारा थर असलेलं. त्याच्यावर पडलो, आणि पुढचं मला अंकितानं सांगितलं. मी घोरायला लागलो. एक कुटुंब बूट घ्यायला आलं होतं, त्यांच्या पोरानं मला ओलांडायचा खेळ केला. अंकिता तंबूतून बाहेरच आली नाही.

उठल्यावर त्या पोरीनं एक गोष्ट बजावून सांगितली, की कडक फुगवू नका. आधी भरा, मग कुशीवर पडून थोडी थोडी हवा सोडा. कमरेचं हाड आत बसलं पाहिजे, पण जमिनीला लागता कामा नये. मी मान हलवली, गादी घेतली आणि गाडीत बसेपर्यंत हे विसरलो.

परवा बसवराजला घरी बोलावून ती गच्चीवर फुगवून बघायची ठरवली. सोबत पिशवी दिली होती हवा भरायला, पण ती कशी वापरायची ते कळेना म्हणून तोंड लावलं. अर्ध्यातच डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी कठड्याला धरून बसलो आणि उरलेली बसवराजनं फुगवली, त्याच्या पद्धतीनं, ट्रकच्या टायरासारखी. टिचकी मारली तर हलगीसारखी वाजली. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. आम्ही खाली आलो. गादी वर राहिली. ऊन सोलापूरचं.

भाकरीचा दुसरा घास तोंडात होता तेव्हा वर "फट्ट" झालं. शेजारच्या निंगव्वाकाकूंनी आधी गॅस बंद केला, मग घर बंद केलं आणि मग रस्त्यावर येऊन ओरडल्या. मी जिन्याखाली लपलो होतो. बसवराजनं वर जाऊन बघितलं आणि हाक मारली, "भिऊ नका सर, जित्ती हाय." गादी फुटली नव्हती. उन्हानं आतली हवा फुगून मधली शिवण सुटली होती, आणि मध्यावर एक मोठा फुगा आला होता, शेळी गिळलेल्या अजगरासारखा. मला त्यात माझंच पुढचं दिसलं. निम्म्या डोंगरात गादी अशी झाली तर मी कुशीवरून सरळ पाठीवर, आणि पाठीवरून थेट वर्तमानपत्रात.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पूनम शाळेतून आली. मी गच्चीवर त्या अजगराशेजारी बसलो होतो. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. पर्स बाजूला ठेवली आणि त्याच गादीवर उजव्या कुशीवर आडवी झाली, माझ्याकडे पाठ करून. तो फुगा तिच्या कमरेच्या खळगीत बरोबर बसला.

"बरं वाटतंय की," म्हणाली.

मी म्हणालो, आपण पुढच्या वर्षी जाऊ. हत्यारं नीट जमवून.

ती कठड्याकडे बघतच म्हणाली, "तुम्ही गादीला भीत न्हाई. मला तिकडं काय झालं तर, ह्याला भिताय."

मी तिची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"मी पण भिते की," ती म्हणाली. "ऑपरेशन झाल्यापासून डाव्या कुशीवर वळले न्हाई मी. टाके कवाच वाळले. डॉक्टर म्हणतात, खुशाल झोपा. पण वाटतं, दाबलं गेलं तर आत काहीतरी उसवंल."

दाजी, घरी आमच्या पलंगावर ती भिंतीकडच्या बाजूला झोपते. वर्षभर मी तिची पाठ बघतोय. मी घोरतो म्हणून ती तोंड फिरवते असं मी धरून चाललो होतो, आणि तिला त्रास नको म्हणून आणखी पलीकडे सरकत सरकत पलंगाच्या काठावर आलो होतो. दोघंही एकेका कुशीवर, आणि मध्ये आणखी एक माणूस झोपेल एवढी जागा. मी गाद्यांची चौकशी करत पुण्यापर्यंत गेलो, पण घरात कुशीवर झोपणारं आणखी कोणी आहे का, हे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुन्हा पुण्याला गेलो. दुकानातल्या पोरीनं आधी विचारलं, "उन्हात ठेवली ना?" मग मी सगळं सांगितलं, अगदी टाक्यांसकट. तिनं दोघांना मिळून एकच मोठी गादी दाखवली, पण म्हणाली, घेऊ नका, काका कूस बदलतील तेव्हा काकू उडतील. म्हणून दोन वेगळ्या घेतल्या, पूनमची जरा अधिक मऊ. हवा सोडायची गोष्ट या वेळी हातावर लिहून आणली.

तर असं आहे. आम्ही नसताना आईपाशी राहायला तुम्ही दोघं यावं, एवढीच विनंती. तिला फक्त संध्याकाळी बोलायला माणूस लागतं, बाकी ती कोणालाही भीत नाही. आक्काला नमस्कार. पत्र वाचून झाल्यावर उशीखाली नका ठेवू, आक्का उशा उन्हात टाकते.

तुमचा,
शब्दाला बांधलेला मेव्हणा
अभिमन्यू

ता. क. : एवढीच विनंती असं वर लिहिलं, पण खरी विनंती ही आहे. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही पूनमला फोन करून सांगा, की जिन्यावरून घसरलो, पाय मुरगळला, अभिमन्यूला पाठवून द्या. प्लास्टर नको, त्यानं आक्का घाबरेल. मुरगळणंच पुरे. जाणं आपोआप रद्द होईल आणि माझा शब्दही राहील.

ता. क. दोन : पत्र टाकायचं राहिलं होतं, बरं झालं. वरचं रद्द समजा. काल रविवारी दुपारी हॉलमध्ये दोन्ही गाद्या शेजारी शेजारी टाकल्या. पूनमच्या गादीची हवा मी हातावर लिहिल्याप्रमाणे हळूहळू सोडत गेलो. ती आधी उजव्या कुशीवर पडली. मग म्हणाली, "धरा मला." मी खांद्याला धरलं. ती इतकी सावकाश वळली की पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. वळल्यावर तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते. काही उसवलं नाही. थोड्या वेळानं ती झोपली, डाव्या कुशीवर, माझ्याकडे तोंड करून. मला झोप लागली नाही. तिचा श्वास चाललाय ना, ते बघत राहिलो. भीती आहे तेवढीच आहे, दाजी. फक्त आता तिचं तोंड माझ्याकडे आहे.

ता. क. तीन : तरीही त्या संध्याकाळी फोन जवळ असू द्या. माझा मिसकॉल आला, तर तुमचा पाय मुरगळला आहे असं समजा.

ता. क. चार : मिसकॉल आला तरी मुरगळू नका.