हरण्याचं आमंत्रण

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. तुझा कॉर्नब्रेड पोरांनी बसमध्येच फस्त केला. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

सामना टीव्हीवर पाहिलासच. अठ्ठावीस गुणांनी हरलो. मोठी कॉलेजं आमच्यासारख्या छोट्यांना पैसे देऊन बोलावतात ती हरवायलाच. त्या नव्वद हजार डॉलरांत माझ्या संघाचं वर्ष निघतं. त्यांच्या बास्केटबॉलवाल्यांचं नुसतं जेवणखाणच तेवढ्याचं. छोट्या कॉलेजातला एखादा पोरगा चमकला की त्यालाही ते आपल्या कॉलेजात ओढतात. त्यांची खानावळ बघून आमचा डेशॉन म्हणाला, "कोच, असं जेवायला मिळणार असेल तर रोज हरू!" सगळे हसले. मीही हसलो.

डेशॉननं एकट्यानं एकतीस गुण केले. शेवटी रांगेत हात मिळवताना त्यांच्या कोचनं बाकीच्यांचे हात नुसते शिवले, डेशॉनचा मात्र धरूनच ठेवला.

"काय म्हणत होता रे?" मी बसमध्ये विचारलं.

"काही नाही, कोच. छान खेळलास म्हणाला."

एरवी तो माझ्याशेजारी बसून डोकं खातो. येताना पार मागे जाऊन बसला.

आई, नाताळसाठी त्याला मफलर विणते आहेस ना? आमच्या कॉलेजचा निळा नको. करडा विण. तो कुठल्याही कॉलेजात चालेल.

गुडघ्याचं नक्की कळव.

तुझाच,
वेंडेल